पोटातल्या वारसाची तस्वीर

कंधारच्या रेणुकादास देशपांड्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वतन अखेर बुडालं, आणि ते त्यांच्या नातीने बुडवलं. नात तेव्हा जन्मलेली नव्हती. तरी तिने ते काम असं चोख केलं की कचेरीतले लोक पुढे बरेच दिवस एकमेकांना सांगत, एवढ्या लहान वयात एवढं जुनं वतन बुडवलेलं आपल्या पाहण्यात नाही.

पण हे झालेलं नाही. निजाम सरकारच्या राज्यात मिसलीवर, म्हणजे प्रकरणाच्या फायलीवर, शेरा पडल्याशिवाय काही झालं असं म्हणायची पद्धत नव्हती, आणि हा शेरा मारायचा तो कारकून त्या दिवशी शाई आणायला म्हणून गेला तो आलाच नाही. तेव्हा झालेलं सोडून देऊ. वतन शाबूत आहे. रेणुकादासांची पगडी डोक्यावर आहे. नात पोटात आहे, आणि तिची आई गोदावरी कंधारच्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, चिंचेचं बुटुक चोखत बसली आहे. उंबऱ्याशी, उंबऱ्यावर नव्हे, कारण पोटुशीने उंबऱ्यावर बसायचं नाही असा सासूबाईंचा दंडक आहे. भादवा चालू आहे, पाचवा महिना चालू आहे, आणि कुणाला कशाची कल्पना नाही.

आता वतन म्हणजे तरी काय होतं? दसऱ्याला गाव शिवेबाहेर गेलं की आपट्याचं पहिलं पान तोडायचा मान, सरकारी कचेरीत गेल्यावर बसायला खुर्ची, आणि वर्षाकाठी खजिन्यातून मिळणारा रुसूम, जो आणायला जाण्यायेण्यातच संपायचा. पण रेणुकादास त्या वतनाबद्दल अशा सुरात बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, हैदराबादचं तख्त नजरचुकीने दुसऱ्या घराण्याकडे गेलंय आणि वतन ही त्याबद्दलची भरपाई आहे.

त्यांना मुलगा होता. शरदचंद्र. पण त्याने हैदराबादेत शिकत असताना वसतिगृहात एक गाणं म्हटलं. गाणं सरकारला आवडलं नाही. शरदचंद्राचा गळा तसा बेताचाच, पण सरकारने गळ्याबद्दल चकार शब्द न काढता गाण्याच्या शब्दांवर बोट ठेवलं, त्याला कॉलेजातून काढलं आणि वतनाच्या वारसांतून त्याचं नाव खोडलं. आता तो नांदेडला एका खाजगी शाळेत भूगोल शिकवायचा, आणि सुटीत घरी आला की वतनं बुडालीच पाहिजेत यावर बायकोपुढे भाषण द्यायचा. हळू आवाजात, कारण वडील शेजारच्या खोलीत असत.

त्या साली गश्ती निघाली. गश्ती म्हणजे कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरणारा हुकूम. त्यात म्हटलं होतं की प्रत्येक वतनदाराने चालू फसली, म्हणजे महसुली, साल संपायच्या आत आपला वारस नोंदवावा, वारसाची तस्वीर सोबत जोडावी. न जोडल्यास वतनदारामागे वतन खालसा. साल संपत होतं दसऱ्याच्या सुमाराला. गोदावरीचे दिवस भरत होते संक्रांतीला. म्हणजे वारस होता, फक्त त्याच्यात आणि सरकारात एक पोट आडवं येत होतं.

रेणुकादास नांदेडला जाऊन कचेरीत आपल्या हक्काच्या खुर्चीवर बसले आणि अडचण सांगितली. समोर पेशकार गुरुबसप्पा होते. पेशकार म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारा मुख्य कारकून. हे गुरुबसप्पा उदगीरकडचे, आणि इतका गोड माणूस साऱ्या कचेरीत नव्हता. त्यांनी नोकरीत आजवर कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. ते फक्त पुढचा कागद मागत. त्यांनी गश्ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचली, तिची मराठी करून सांगितली, आणि म्हणाले की वारस पोटात असू नये असं यात कुठंच नाही. तस्वीर तेवढी आणा. पोटातली तस्वीर कशी काढणार असं रेणुकादासांनी विचारल्यावर गुरुबसप्पांनी त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. लातूरला माणिकप्पा फोटोवाला आहे, तो आतले फोटो काढतो, हे अख्ख्या सुभ्याला ठाऊक होतं.

माणिकप्पाचा स्टुडिओ लातूरच्या गंजाच्या बाजारपेठेजवळ होता. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात दोन राजहंस आणि तळ्यातूनच वर गेलेला संगमरवरी जिना. सोलापूरच्या एका डॉक्टराने दवाखाना बंद केला तेव्हा त्याचं एक्स-रेचं यंत्र माणिकप्पाने लिलावात घेतलं. त्याच्या मते तो एक कॅमेराच होता, फक्त जास्त चौकस. यंत्राला वीज लागे ती शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनावर पट्टा चढवून मिळायची. त्यामुळे आतला फोटो निघाला की साऱ्या गल्लीचं दळण थांबायचं, आणि ज्वारीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया खिडकीशी येऊन, झाला का बाई फोटो, अशी चौकशी करायच्या.

गोदावरी, सासरे आणि सासूबाई तुळजाबाई असे तिघे चिखलातून दिवसभर हिंदकळत तिथे पोचले. माणिकप्पाने पहिल्यांदा, प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचा तसा, स्वतःचा हात यंत्रापुढे धरला आणि अंधारात पडद्यावर हाताची हाडं नाचवून दाखवली. रोजचं होतं ते. उजेडात आल्यावर गोदावरीला तो हात दिसला. कातडं तुकतुकीत लाल, नखं तडकलेली, एका बोटाला चिंधी. तिने विचारलं तर माणिकप्पा म्हणाला की हे फोटो धुवायच्या मसाल्याच्या पाण्याने होतं, यंत्र बिचारं काही करत नाही.

मग त्याने खिडक्या लावल्या, काळे पडदे सोडले आणि गोदावरीला सूचना दिल्या. उताणं, सरळ पडायचं. पायाची अढी घालायची नाही. हातात काही धरायचं नाही. खाजवायचं नाही. मी म्हणेपर्यंत हलायचं नाही.

दाराबाहेर तुळजाबाई ऐकत होत्या, आणि शब्दागणिक त्यांचा चेहरा बदलत गेला. पोटुशीने अंधाऱ्या खोलीत सरळ पडायचं, हलायचं नाही, खाजवायचं नाही, हातात सुरी-सुई धरायची नाही. हे तर ग्रहण होतं. पंचांगात आज ग्रहण नव्हतं खरं, पण पंचांग कंधारचं होतं, लातूरचं लातूरला. त्यांनी शिदोरीवर तुळशीपत्र ठेवलं, जप सुरू केला, आणि आत यंत्राची घरघर थांबून माणिकप्पा "झालं" म्हणाला तेव्हा मोक्ष झाला असं धरून त्या रीतीप्रमाणे कामाला लागल्या. ग्रहण सुटलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून द्यायचं असतं. त्यांनी माठ ओतला. तांब्या ओतला. न्हाणीतली बादली ओतली. मग एक बंद खोली होती, तिचं दार सताड उघडून आत पाहिलं तर तिथे पसरट ताटल्यांतून घाण वासाचं पाणी भरून ठेवलेलं. असलं पाणी माणसाने ठेवावं याचंच त्यांना नवल वाटलं. ते त्यांनी माणिकप्पाच्या मोगऱ्याला घातलं. मोगरा दुसऱ्या दिवशी गेला.

धुवायला टाकलेली फिल्म तर तिथेच, दार उघडल्या क्षणी गेली.

माणिकप्पा भला माणूस. तो रागावला नाही. पुन्हा काढू म्हणाला. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. उजेड किती वेळ ठेवायचा ते तो 'ॐ नमः शिवाय' म्हणून मोजायचा, आणि श्रावण नुकताच सरल्यामुळे त्याची भक्ती अजून ओसरायची होती. दुसऱ्या खेपेला फोटो सुबक यावा म्हणून त्याने चांगली भरघोस माळ ओढली. गोदावरी आपली पडून होती. काही दुखलं नाही, भाजलं नाही. वीज पडून गेल्यावर येतो तसा वास तेवढा आला. आणि त्या घरघरीत तिच्या पोटात पहिल्यांदाच काहीतरी मासोळीसारखं फिरलं. तिने हसून बाजूला पाहिलं, पण सांगायला खोलीत कुणी नव्हतं. माणिकप्पा भिंतीमागे जप करत होता.

फिल्म आली. धुरकट ढगात एका कोपऱ्यात बारीक मण्यांची वाकडी माळ दिसत होती, तो पाठीचा कणा, आणि वाटीएवढं डोकं. रेणुकादास फिल्म उजेडाला धरून उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. कणा आपल्याच घराण्याचा आहे, म्हणाले. तुळजाबाईंनी विचारलं की हाडं दिसतायत, लेकरू कुठंय.

फिल्मवरून छापलेली तस्वीर मिसलीला लागली, आणि आठ-दहा दिवसांत एतराज, म्हणजे सरकारी आक्षेप, आले. गुरुबसप्पांनी ते फार हळुवार शब्दांत लिहिले होते. एक, वारस सरकारकडे पाठ करून बसला आहे. हे अजाणता झालं असं सरकार समजतं. दोन, वारस बोडका आहे. सरकारी तस्वीरीत डोक्याला काहीतरी हवं. तीन, ही तस्वीर गोदावरीबाई यांच्याच पोटातली आहे, उसन्या पोटातली नव्हे, असा जनाना दवाखान्याचा दाखला जोडावा, आणि बाईंनी स्वतः कचेरीत येऊन अंगठा करावा.

रेणुकादासांना या एतराजांत वावगं काहीच दिसलं नाही. उलट सरकार वारसाची एवढ्या बारकाईने दखल घेतंय याने ते फुलून गेले. माणिकप्पाला निरोप गेला. त्याचं उत्तर आलं की पगडी सुनेच्या पोटावर बरोबर डोक्याच्या जागी ठेवू, आणि या खेपेला समोरून, दोन्ही कुशींवरून, वरून, असे पाच-सहा काढू. एकात तरी पोरगं तोंड दाखवीलच. बेत ठरला. नांदेडला दाखला घ्यायचा, कचेरीत अंगठा करायचा, आणि तसंच दुसऱ्या दिवशीच्या सर्विस मोटारीने लातूर गाठायचं. रेणुकादासांनी सणाची पगडी डब्यात घालून बरोबर घेतली.

नांदेडच्या जनाना दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या कमलम्मा, मूळच्या वरंगळकडच्या. मराठी तेलुगू वळणाची, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण उशिरा आलोय. रेणुकादास बाहेर लिंबाखाली पगडीचा डबा मांडीवर घेऊन बसले. कमलम्मांनी दाखल्याची मागणी ऐकली, फिल्म पाहिली, हा फोटो कुठल्या दुखण्यासाठी काढला ते विचारलं. दुखण्यासाठी नाही, वतनासाठी, असं गोदावरीने सांगितल्यावर त्यांनी फिल्म पुन्हा एकदा खिडकीशी धरून पाहिली. मग त्यांनी किती वेळ उजेड ठेवला ते विचारलं. गोदावरीने जपाचं सांगितलं. कमलम्मांनी चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती.

"हा उजेड दिसत नाही, लागत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून लोकांना वाटतं तो काही करत नाही. फार दिला तर पोटातल्या लेकराचं डोकं लहान राहतं, डोळे अधू होतात. हे मोठ्या दवाखान्यांनी पाहून छापलंय."

"आणि थोडा दिला तर?"

"बहुतेक काही नाही. कधी वर्षांनी काही. कुणालाच नीट ठाऊक नाही. ज्याला ठाऊक नसतं तो म्हणतो, होऊ द्या. मला ठाऊक नाही, म्हणून मी म्हणते, नको."

गोदावरीने विचारलं की जे दोन झाले त्यांचं काय. कमलम्मांनी तिला पडायला सांगून पोट तपासलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि सांगितलं की लेकरू आज चांगलं आहे, झालेल्या दोनांपायी झोप घालवू नका. तुमचा जीव अडला असता तर मी स्वतः फोटो काढायला सांगितलं असतं, असंही म्हणाल्या. पण कचेरीचा जीव अडलाय म्हणून पाच-सहा काढायचे, हे त्यांनी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

दाखला घेऊन गोदावरी बाहेर आली तेव्हा लिंबाखाली शरदचंद्रही आला होता, शाळेची मधली सुटी धरून. तिने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो संतापला. मुठी वळून म्हणाला की मी यावर लेख लिहितो. गोदावरीने विचारलं लेख छापून कधी येईल. पुण्याच्या साप्ताहिकाला पाठवावा लागेल, इकडे कोण छापतंय, असं म्हणून त्याने हिशेब केला तो दिवाळीपर्यंत गेला. मोटार उद्या सकाळची होती. वडिलांना तुम्हीच सांगा, असं ती म्हणाली तेव्हा शरदचंद्राने लिंबाखाली बसलेल्या वडिलांकडे पाहिलं, पगडीच्या डब्याकडे पाहिलं, आणि गेल्या वर्षी आपण वतनाविरुद्ध किती स्पष्ट बोललो होतो याची तिला आठवण करून दिली.

मग गोदावरीच सासऱ्यांशी बोलली. चालता चालता, पदर सावरून, मान खाली घालून, पण बोलली. रेणुकादासांनी ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाई शिकलेली आहे, तिचं काम भीती घालणं, असं म्हणाले. फोटो काढल्याने माणसाचं आयुष्य कमी होतं असं त्यांचे वडीलही म्हणत, आणि ते एकही फोटो न काढता गेलेच की. शिवाय पाच-सहा म्हणजे काही फार नव्हेत. सरकारच्या मागण्यांच्या मानाने तर नव्हेतच.

कचेरीत रेणुकादास खुर्चीवर बसले. गोदावरी बाजूला उभी राहिली आणि शरदचंद्र दाराच्या चौकटीत, कारण त्याला आत यायची मनाई होती आणि बाहेर राहावत नव्हतं. गुरुबसप्पांनी दाखला डोळ्यांना लावावा तसा जवळून पाहिला, वाहवा केली, आणि गश्ती काढली. प्रत्येक तारखेला ती पहिल्यापासून वाचायची हा त्यांचा शिरस्ता होता. पक्षकाराला झोप लागली तरी ते थांबत नसत. वाचता वाचता शेवटाकडे एक कलम आलं: जनाना वारस असल्यास तिची तस्वीर मागू नये, पडद्याचा मान राखावा. आणि त्याच्या खालचं: जनाना वारस मंजूर नाही. ही दोन्ही कलमं एकाच कागदावर कशी, असं कुणी विचारत नसे. वेगवेगळ्या साहेबांनी लिहिली होती, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

"आता अंगठा करा अक्का," गुरुबसप्पा म्हणाले. गोदावरीचं माहेर उदगीरचं म्हणून ते तिला अक्का म्हणायचे.

"काका, माझ्या पोटात मुलगी आहे."

गुरुबसप्पांचा दौतीकडे गेलेला हात तसाच राहिला. रेणुकादासांनी खुर्चीत मान वळवली.

"कशावरून, अक्का?"

"तुमच्यापाशी मुलगा आहे हे कशावरून लिहिलंय?"

गुरुबसप्पांनी मिसल चाळली. मुलगा कशावरून, याचा कागद कुठंच नव्हता. आजवरच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांच्याकडे एक कागद कमी पडत होता, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले की मुलगी असेल तर तस्वीर माफ, आजची, उद्याची, कायमची. एवढंच नव्हे, आधी आलेली तस्वीरही लाखेने बंद करावी लागेल, कारण तिच्यात एक जनाना व्यक्ती उघड्या डोक्याने दिसते आहे. पण अक्का, मग खालचं कलम लागेल. वतन रावसाहेबांपाशी संपेल. बयान लिहून अंगठा केलात तर फिरवता येत नाही.

"सुनबाई," रेणुकादास म्हणाले, "तुला कळतंय का तू काय करून राहिलीस?"

"कळतंय मामंजी." ती एक पाऊल पुढे आली. "दसऱ्याला आपट्याचं पान तोडायला हात लागतो. ते पान कुठलं हे पाहायला डोळे लागतात. हातपायडोळे धड असलेलं लेकरू द्या म्हणाल तर मी जीव लावून देते. कागदावर धड असलेला वारस मला नाही जमायचा. मी त्या यंत्राखाली पुन्हा झोपणार नाही."

कचेरीतला पंखा ओढणारा पंखा ओढायचा थांबला. रेणुकादासांनी मांडीवरचा डबा या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवला. मग त्यांनी गुरुबसप्पांना विचारलं की तस्वीर टळावी म्हणून मुलालाच पडद्यात बसवता येतं का. गुरुबसप्पांनी जुन्या गश्त्या काढल्या, मनापासून शोधलं, आणि असं कधी झालेलं नाही असं फार दुःखाने सांगितलं.

मग रेणुकादास खुर्चीवरून उठले आणि भिंतीशी, जिथे बाकीची रयत बसते तिथे, सतरंजीवर जाऊन बसले.

"बसा की वर रावसाहेब," गुरुबसप्पा कळवळून म्हणाले. "हुकूम व्हायचाय अजून."

"होईल," रेणुकादास म्हणाले. "सवय करून घेतो."

गोदावरीने अंगठा केला. चौकटीत उभ्या शरदचंद्राने आयुष्यात पहिल्यांदा खरोखरीचं वतन बुडताना पाहिलं, आणि ते पाहून त्याने बाहेर तोंड करून डोळे पुसले. याबद्दल त्याने पुढे कुठल्याच भाषणात उल्लेख केला नाही.

परतीच्या वाटेवर रेणुकादास सुनेशी बोलले नाहीत. मोटारीला हिसका बसला की मात्र ते ड्रायव्हरला ओरडत, सावकाश हाक, गाडीत पोटुशी बाई आहे. तुळजाबाईंना सगळं कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की पुन्हा ग्रहण नाही ना. नाही म्हटल्यावर त्यांनी देवापुढे साखर ठेवली. वतन त्यांच्या कधी नीटसं लक्षातच आलं नव्हतं. रुसूम आणायला जाताना नवऱ्याला दशम्या बांधून द्याव्या लागत, तेवढाच त्यांचा वतनाशी संबंध.

संक्रांतीच्या मागेपुढे गोदावरी बाळंत झाली. मुलगी झाली. दणकट, काळीसावळी, रडली तर तीन घरं पलीकडे ऐकू जावं अशी. नाव विशाखा ठेवलं. रेणुकादास दोन दिवस बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पाळण्यात वाकून पाहिलं, तिचा हात उलगडून बोटं तपासली, आणि पकड चांगली आहे एवढा अभिप्राय देऊन गेले. दुसऱ्या दिवशी अभिप्राय पक्का करायला परत आले. मग रोजच येऊ लागले.

गुरुबसप्पांचंही पत्र आलं. बाईंचं बयान खरं निघालं, सबब खोट्या बयानाचा खटला चालवायचं कारण उरलेलं नाही, याचा सरकारला आनंद आहे. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने, अक्का, लेकरू कसं आहे, असं लिहिलं होतं.

लेकरू चांगलं होतं. अडचण तीच होती. गोदावरी रोज न्हाऊ घालताना तिला पालथं करून, उलटं करून बघायची. काजळ घालताना डोळ्यापुढे वात इकडून तिकडे न्यायची. मुलगी वातीमागे डोळे न्यायची आणि वर हसायची. गोदावरीने एक सूत ठेवलं होतं, अमावास्या आली की ते मुलीच्या डोक्याभोवती धरायची. सूत दर खेपेला तोकडं पडायचं, म्हणजे डोकं वाढत होतं, म्हणजे बरं होतं. पण शेजारच्या लेकराला ताप आला तर तो ताप असायचा; विशाखाला ताप आला की गोदावरीला गिरणीचं इंजिन ऐकू यायचं. नांदेडला नेलं तेव्हा कमलम्मांनी मुलीला वरखाली पाहिलं, वजन केलं, तिने चष्मा ओढला तो परत घेतला, आणि म्हणाल्या की हिला काही झालेलं नाही. पुढेही होणार नाही ना, असं गोदावरीने विचारलं. कमलम्मा म्हणाल्या की बहुतेक नाही. पण कुणाच्याच लेकराचं पुढचं मी लिहून देत नाही, तुमच्याही नाही.

लिहून देत नाही, हे गोदावरीच्या मनात राहिलं. सरकार तर सगळंच लिहून देतं. कंधारला आल्यावर तिने शरदचंद्राला पाटावर बसवलं, कागद पुढे ठेवला, आणि मी सांगते तसं लिहा म्हणाली. तो म्हणाला की असला अर्ज कुणी करत नाही. ती म्हणाली की असला उजेडही कुणी सोडत नाही. त्याने उर्दूत लिहायला घेतलं. रेणुकादास येऊन शेजारी बसले आणि सरकारी भाषेचे चार शब्द त्यांनीही घातले, कारण त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या अर्जाची मराठी अशी होती:

"मेहेरबान साहेबांच्या खिदमतीत कंधार येथील रहिवासी गोदावरी, शरदचंद्र देशपांडे यांची पत्नी, हिचा नम्र अर्ज ऐसा की, गेल्या फसली साली वारसाच्या तस्वीरीच्या सरकारी कामाकरिता अर्जदारणीच्या पोटात लातूर मुक्कामी दोन वेळा उजेड सोडण्यात आला. सदर काम सरकारने नामंजूर केले व मिसल दप्तरी दाखल झाली. सबब तो उजेड आता सरकारच्या कोणत्याही उपयोगाचा राहिलेला नाही, व अर्जदारणीसही तो ठेवून घेण्याची इच्छा नाही. तरी सरकारने आपला उजेड मुलगी विशाखा हिच्या अंगातून, तिला तोशीस न लागता, पूर्णपणे परत न्यावा. मागे काही शिल्लक राहिले नाही याची खात्री करावी. आणि तशी रसीद मोहोर-शिक्क्यानिशी अर्जदारणीस मिळावी. मुलगी जेवणानंतर दुपारी झोपते. याकरिता माणूस पाठविणे झाल्यास तो दुपारी पाठवावा, व त्याने चप्पल ओसरीवर काढून यावे, ही विनंती."